अझोलाचं विरजण: ग्वाल्हेरच्या एका परसातलं प्रकरण

पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला एक जुना वाडा. मागे परसू, परसात कडुलिंब, एक बोअर आणि गोठा. गोठ्यात एक साहिवाल, एक गावठी गाय आणि तिची कालवड. घरात काका-काकू दोघंच. काका बँकेतून निवृत्त झालेले, मुलगा पुण्याला. गाईंची उस्तवार करायला मुरारकडचा एक माणूस सकाळ-संध्याकाळ येतो. घरात सगळे त्याला भैया म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणते. नावं आणि गल्ली गाळली आहे, आणि घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे. मी त्याच भागात राहते, बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. मला बोलावणं आलं ते मात्र सगळं सडून गेल्यावर.

आमच्याकडे चाऱ्याचं वर्ष कसं जातं ते आधी सांगायला हवं. भुसा बारमाही, गव्हाचा. हिवाळ्यात बरसीम, हा हिरवा चारा. आणि मोहरीची पेंड, जिला इथे मराठी घरांतही खलीच म्हणतात. मुरैना-ग्वाल्हेर हा मोहरीचा मुलूख, त्यामुळे खली घाणीवरून ताजी मिळते, पण स्वस्त नाही. एप्रिल सरता सरता बरसीम संपतो आणि पाऊस पडेपर्यंत गाईला हिरवं म्हणून काही दिसत नाही. काकांचा जीव नेमका या दोन महिन्यांत अडकलेला. अशात मुलाने फोनवर एक व्हिडिओ पाठवला: अंगणात खड्डा करा, अझोला सोडा, खलीचा खर्च निम्म्यावर आणा.

अझोला म्हणजे शेवाळ नव्हे. पाण्यावर हिरवं काही तरंगताना दिसलं की आपण शेवाळ म्हणून मोकळे होतो, पण हे नेचं आहे, पाण्यावर तरंगणारं, नखाएवढं. त्याच्या इवल्या पानाचे दोन भाग असतात. वरच्या भागात एक पोकळी असते आणि त्या पोकळीत निळे-हिरवे जीवाणू राहतात, जे हवेतला नत्र धरून त्याला देतात. म्हणून नत्राची त्याला फारशी ददात नसते. पाण्यातून हवा असतो तो मुख्यतः स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

खड्ड्याची पद्धत काकांनी बरोबर उचलली होती. कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राच्या नार्डेप प्रकल्पाने घरगुती अझोलाची जी रीत रूढ केली, तीच: दोन मीटर बाय दोन मीटर, वीतभर खोल, खाली सिलपॉलिनचा, म्हणजे जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर १० ते १५ किलो चाळलेली माती, दोन किलो शेण आणि ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट (स्फुरदाचं खत) पाण्यात कालवून, वर चार बोटं पाणी आणि अर्धा-एक किलो बियाणं. पुढे दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि २० ग्रॅम सुपर. दिवसाला ५०० ते ६०० ग्रॅम निघतो असं त्या पद्धतीत म्हटलं आहे, आणि काकांच्या खड्ड्यातून मार्चमध्ये तेवढा निघतही होता. बियाणं एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून आलं होतं, दुधाच्या किटलीतून.

पहिले चार दिवस साहिवालीने त्याला तोंड लावलं नाही. शेणाचा वास येत होता, दुसरं काय. भैयाचा शेरा तयार होता: "बाबूजी, जे तो काई है, काई कौन खाएगो?" काई म्हणजे शेवाळ. मग काकूंनी सूत्रं हातात घेतली. तांदूळ धुवायच्या जुन्या रोळीत अझोला घालून तीन पाण्यांतून काढायचा, निथळायचा आणि चोकरात, म्हणजे गव्हाच्या कोंड्यात, कालवून पुढे ठेवायचा. पाचव्या दिवशी घमेलं चाटून लख्ख.

अडचण

इथपर्यंत सगळं ठीक होतं, आणि तेच बाधलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काकांनी दोन निर्णय एकदम घेतले. एक, परसाच्या उघड्या अंगाला, जिथे कडुलिंबाची सावली पोचत नाही, तिथे दुसरा खड्डा काढला. दोन, साहिवालीची खली दिवसाला दोन किलोंवरून एक किलोवर आणली.

२० एप्रिलच्या सुमाराला दोन्ही खड्ड्यांच्या कडा विटकरी व्हायला लागल्या. काकांनी कुठेतरी वाचलं होतं की अझोला लाल पडला की तो उपाशी असतो. ते खोटं नाही. त्यांनी शेण दुप्पट केलं, सुपरही दुप्पट, आणि "जरा अंगी लागू दे" म्हणून काढणी थांबवली. दहा दिवसांत थर दोन बोटं जाड झाला. वरून लालसर, खालून पिवळा. ३ मेच्या सकाळी तुंबलेल्या मोरीसारखा वास सुटला आणि भैयाने फावडं घातलं तर वर आली तपकिरी पेज. त्याच आठवड्यात साहिवालीचं दूध सातवरून साडेपाच लिटरवर आलेलं. काका म्हणाले, "खली कमी केली ती या गवताच्या भरवशावर, आणि हे असं."

मी गेले तेव्हा दुसरा खड्डा संपला होता, पहिल्यात कडुलिंबाच्या बाजूला हातभर पट्टा जिवंत होता. काकूंकडून पांढरी बशी मागून घेतली, तीत पाणी घेतलं आणि दोन्हीकडचं एकेक रोप सोडलं. जिवंत पट्ट्यातलं रोप त्रिकोणी, पानं एकावर एक कौलांसारखी बसलेली, खाली सहा-सात मुळं दोऱ्यांसारखी लोंबत होती. चिमटीत धरून उचललं तर मुळं सोबत आली. सडक्या बाजूचं रोप नुसतं बोटाने ढकललं, तर मुळं गळून बशीत वेगळी तरंगू लागली आणि रोपाचे तीन तुकडे झाले. काकू वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, हे तर केस गळल्यासारखं."

दुपारी तीनला माशांच्या टाकीत लावतात तो थर्मामीटर खड्ड्यात बुडवला. ३९ अंश. अझोलाला २० ते ३० अंशांच्या आतबाहेरचं पाणी मानवतं. पस्तिशीच्या पुढे तो तगून राहण्यासाठी झगडतो. प्लास्टिकचा कागद, चार बोटं पाणी आणि ग्वाल्हेरचं मेमधलं ऊन: हा खड्डा नव्हता, परात होती.

चूक इथे कळते. अझोला तीन कारणांनी लाल होतो: थंडीने, फार कडक उन्हाने, आणि स्फुरद कमी पडला म्हणून. रंग एकच, पण उपाय वेगवेगळे, आणि इथे तर एकमेकांच्या उलट. स्फुरद कमी असेल तर रोपं बारीक राहतात, मुळं लांब होऊन वळतात, आणि थोडं सुपर घातलं की आठवड्यात हिरवा रंग परततो. उन्हाने लाल झालेल्याला सावली हवी. त्याला शेण घालणं म्हणजे तापलेल्या माणसाला पुरणपोळीचा आग्रह. शेण गरम पाण्यात कुजतं, पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, अमोनिया सुटतो. त्यावर जाड थर, ज्याच्या खालच्या रोपांना उजेडच नाही. काकांच्या तिन्ही उपायांनी तोच रोग वाढवला.

बोअरच्या पाण्याचाही थोडा वाटा होता. सामूच्या (पीएच) चाचणीची पट्टी आठच्या आसपास रंगली. अझोलाला साडेपाच ते सात बरं. जड पाण्यातला चुना स्फुरदाला धरून बसतो, म्हणजे सुपर घालूनही रोपाच्या पदरी कमीच पडतं. पण नुसतं पाणी जड असतं तर अझोला रडतखडत वाढला असता, मेला नसता. मारलं ते उन्हाने.

पर्याय

त्या संध्याकाळी ओट्यावर चहा घेत चार गोष्टी बोललो.

पहिली, सोडून देणं. जुलैत पुन्हा बियाणं आणायचं. भैयाचं मत हेच होतं आणि ते वाईट नव्हतं. फक्त ज्याच्याकडून बियाणं आणलं, त्याचाही खड्डा त्याच आठवड्यात गेला होता. जुलैत सगळेच शोधत फिरणार.

दुसरी, खड्ड्यांवर हिरवी जाळी ताणून उन्हाळा काढायचा. जाळीने निम्मं ऊन अडतं, पण लू, म्हणजे उन्हाळ्यातला तो गरम वारा, अडत नाही आणि दोन खड्ड्यांना रोज पाणी घालत बसावं लागतं. काकांना हेच करायचं होतं, कारण मुळात हिरवं हवं होतं ते मे-जूनसाठीच. मला त्यांची तडफड कळत होती. पण गरज ज्या महिन्यांत, त्याच महिन्यांत हे रोप आमच्या गावात तग धरत नाही, हे कुठल्याच व्हिडिओत नसतं. मी तेच तोंडावर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

तिसरी, डकवीड. टिकलीएवढी पानं, पाण्यावर पसरणारी, अझोलापेक्षा दणकट. ते नेचं नाही, फुलझाड आहे, आणि त्याला नत्र पाण्यातूनच घ्यावा लागतो, त्यामुळे घाण पाण्यात ते जास्त माजतं. अडचण तिथेच होती. भैया ते आणणार होता गावाबाहेरच्या एका डबक्यातून, आणि त्या डबक्यात नाला उतरतो. डकवीड पाण्यातले जड धातू शोषून घेतं. सांडपाणी साफ करायला त्याचा उपयोग होतो तो याच गुणामुळे. असलं डकवीड गाईच्या पोटात, म्हणजे शेवटी आपल्या चहात. हा पर्याय मी जागेवर मोडला. स्वच्छ पाण्यात वाढवलेलं बियाणं मिळालं असतं तर विचार केला असता.

चौथी कल्पना काकूंची. "सगळं दूध लावायचं नसेल, तर विरजण तरी मोडायचं नाही," त्या म्हणाल्या. वाटीभर राखलं की झालं. चारा मिळणार नाही, पण पाऊस आला की आपलं आपल्याकडे असेल. मला त्या क्षणी उत्तर व्हिएतनामच्या काही गावांची आठवण झाली. तिथे अझोला भातशेतीत खत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला, आणि उन्हाळ्यातून बियाणं जगवण्याची हातोटी मोजक्याच गावांकडे होती. बाकीचे दर हंगामाला त्यांच्याकडून विकत घेत. काकूंना हे सांगितल्यावर त्या हसल्या. विरजणाला कोणी पैसे घेतं का, म्हणाल्या.

ठरलं ते हे: खड्डे बंद, विरजण चालू.

काय केलं

कशात ठेवायचं यावर वाद नव्हता, कारण गोठ्यात मातीच्या दोन नांदी रिकाम्या पडल्या होत्या. कडुलिंबाखाली, गोठ्याच्या भिंतीच्या आडोशाला दोन्ही मांडल्या. तळाला दोन मुठी माती, वीतभर पाणी, प्रत्येकी ओंजळभर अझोला, तोही जिवंत पट्ट्यातला निवडून, तीनदा धुऊन. शेण अजिबात नाही. सुपरची चिमूट, आठवड्याला एकदा.

पाच दिवसांनी एका नांदेतला अझोला हिरवागार, दुसरीतला विटकरी. सावली तीच, पाणी तेच, बियाणं तेच. मी चक्रावले. काकांना वाटलं, दुसऱ्या नांदेत पूर्वी काही औषध भिजवलं असेल. दुपारी थर्मामीटर लावला. बाहेर ४४ अंश. पहिल्या नांदेत २९, दुसरीत ३५. तरी उलगडा होईना, तोवर भैयाने हात फिरवून सांगितलं, "जा पे तो पेंट पुतो है." आदल्या दिवाळीला दुसरी नांद हौसेने बाहेरून गेरूच्या रंगाच्या ऑइलपेंटने रंगवली होती. लांबून दोन्ही सारख्याच दिसत. रंग न दिलेली मातीची नांद माठासारखी पाझरते, पाझरलेलं पाणी लूच्या कोरड्या हवेत उडतं आणि आतलं थंड राहतं. रंगाने तिची भोकं बुजवली होती. म्हणजे जी लू खड्ड्याला भाजत होती, तीच न रंगवलेल्या नांदेला गार करत होती. आयुष्यभर माठातलं पाणी पिऊन हे मला आधी सुचलं नाही याची थोडी लाज वाटली.

रंगवलेली नांद परत गोठ्यात गेली, कोपऱ्यावरच्या कुंभाराकडून दुसरी आणली.

पाझरण्याला एक किंमत असते. रोज दोन-तीन लोटे पाणी उडायचं आणि वरून बोअरचं घालायचं. आठ दिवसांत नांदेच्या बाहेर पांढरं मीठ फुललं. उडतं ते पाणी, क्षार आतच साठत जातात. तेव्हापासून भर घालायला तिघरा धरणाचं नळाचं पाणी, रात्रभर बादलीत उघडं ठेवून, म्हणजे क्लोरीन उडून जातो. आणि दर रविवारी निम्मं पाणी काढून तुळशीला आणि कढीपत्त्याला. दर तीन दिवसांनी निम्मा अझोला काढायचा, मग तो कालवडीच्या तोंडी गेला तरी चालेल, पण थर जमू द्यायचा नाही. काढलेला टाकवत नाही म्हणून काकूंचा हात आखडायचा. सवय व्हायला पंधरा दिवस गेले.

जून तरला. पावसाची पहिली झड झाल्यावर जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहिला खड्डा रिकामा करून, कागद धुऊन, पुन्हा भरला आणि ३०० ग्रॅम विरजण सोडलं. कागदावर हिशेब असा: पाच दिवसांत दुप्पट धरलं तर विसाव्या दिवशी पावणेपाच किलो, म्हणजे खड्डा झाकला. प्रत्यक्षात चार आठवडे लागले. आभाळ होतं, आणि दोन मुसळधार सरींत अझोला काठावरून वाहून चक्क मोरीत गेला. मग पाणी सांडायच्या बाजूला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बसवला.

मच्छरदाणीवरून मच्छर. पूर्ण झाकलेल्या पाण्यावर डासांना अंडी घालायला फारशी जागा राहत नाही, पण काढणीच्या दिवशी निम्मं पाणी उघडं पडतं. ऑगस्टमध्ये डासांच्या अळ्या बघत घरोघरी फिरणारी मंडळी आली तेव्हा एक नांद नेमकी अशी उघडी होती. अळ्या निघाल्या. त्यांनी काकूंच्या डोळ्यांदेखत नांद पालथी केली. काकू दोन दिवस धुमसत होत्या. त्यांचं म्हणणं, मला सांगितलं असतं तर मी गाळून घेतलं असतं. पण अळ्या होत्याच, आणि डेंग्यूच्या दिवसांत त्या लोकांनी करायचं तेच केलं असं मला वाटतं. दोन नांदी ठेवल्या होत्या म्हणून विरजण वाचलं. आता प्रत्येक नांदेत चार-चार गप्पी मासे आहेत.

वाळवणाचा हिशेब

ऑक्टोबरात काकांनी पुन्हा खली कमी करायचा विषय काढला. "पंचवीस टक्के प्रथिनं आहेत यात, छापलेलं आहे." छापलेलं खरंच होतं, वाळलेल्या अझोलाबद्दल. मी म्हटलं, वाळवून बघू या.

काकूंनी एक किलो अझोला रोळीत निथळवला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला आणि छतावर जुन्या सुती साडीवर पसरला, कुरडया घालतात तसा. दोन दिवसांच्या उन्हानंतर साडीवर काळपट हिरवा चुरा राहिला होता. आमटीच्या वाटीत मावला. काटा ५८ ग्रॅमवर थांबला. काकांनी दोनदा तोलून पाहिलं, मग चष्मा काढून वाटीकडे बघत बसले.

बाकी तोंडी हिशेब. ५८ ग्रॅमचे पंचवीस टक्के म्हणजे साडेचौदा ग्रॅम प्रथिनं. मोहरीच्या खलीत साधारण पस्तीस टक्के, म्हणजे किलोला ३५० ग्रॅम. एक किलो खलीची जागा घ्यायला रोज २४ किलो ताजा अझोला हवा. खड्डा देतो ६०० ग्रॅम. असे चाळीस खड्डे लागतील; १६० चौरस मीटर, वाडा पाडला तरी जागा पुरायची नाही. उलट बाजूने बघितलं तर एका खड्ड्याचा रोजचा अझोला हा प्रथिनांच्या मापाने २५ ग्रॅम खलीच्या तोलाचा. मूठसुद्धा भरत नाही.

एप्रिल-मेमधलं दूध कशाने उतरलं हे यानंतर विचारायची गरज उरली नाही, जरी उन्हाचा वाटा त्यात किती आणि खली तोडल्याचा किती हे वेगळं करून सांगता येत नाही. दोन्ही एकाच पंधरवड्यात झालं होतं. खली मे महिन्यातच पुन्हा दोन किलो केली होती, आणि पावसाळ्यात दूध साडेसहावर स्थिरावलं.

याचा अर्थ अझोला भंपक आहे असा नाही. त्यात खनिजं आहेत, कॅरोटीन आहे, नुसत्या भुशावर असलेल्या जनावराला ओलं हिरवं मिळतं. कोंबड्या असत्या तर याच ६०० ग्रॅमची गोष्ट वेगळी झाली असती. पण दोन किलोच्या खलीची बरोबरी करायला त्याला उभं करणं, हा अझोलावरच अन्याय आहे.

हिवाळा

हा भाग थोडक्यात, कारण इथे काही न करणं हेच काम होतं. जानेवारीत धुकं उतरलं, पहाटेचा पारा ५ अंशांवर आला आणि अझोला जांभळट लाल झाला, एप्रिलपेक्षा गडद. काकांचा सकाळी सातला फोन: "गेला गं पुन्हा." मी बशी काढायला सांगितली. फोनवरच विचारलं, मुळं गळतात का? नाही. रोप तुटतं का? नाही, टणक आहे. वास? नाही. मग हात लावू नका. रात्री खड्ड्यावर पारदर्शक प्लास्टिक, सकाळी दहाला काढायचं; शेण-सुपर बंद, काढणी बंद. वाढ थांबल्यासारखीच होती. फेब्रुवारी उजाडला तसा मधून मधून हिरवा ठिपका दिसू लागला आणि महाशिवरात्रीपर्यंत खड्डा पुन्हा भरला.

निष्पत्ती

दीड वर्षानंतर घरात आहे ते एवढं: एक खड्डा, जो ऑगस्ट ते डिसेंबर आणि फेब्रुवारी ते एप्रिलची सुरुवात चालतो. दोन नांदी, बारा महिने. दुसऱ्या खड्ड्यात आता अळू आहे, आणि अझोलाचं काढलेलं पाणी तिथेच जातं; अळूची पानं परातीएवढी झाली आहेत. खलीचा खर्च होता तिथेच आहे. अझोला सगळा कालवडीला आणि गाभण असताना गावठीला. उन्हाळ्यातल्या हिरव्याचा मूळ प्रश्न अझोलाने सुटलाच नाही. त्यासाठी काकांनी या वर्षी मार्चमध्ये ओळखीच्या शेतात चाऱ्याच्या ज्वारीचे दोन वाफे ठरवून घेतले. ती कोवळी असताना जनावराला विषबाधा होते, तेव्हा खायला घालायची नाही, हे भैयाला मला सांगावं लागलं नाही, त्यानेच मला सांगितलं.

पैशांचा ताळेबंद मांडला तर कागद, जाळी, नांद आणि सुपर मिळून पहिल्या वर्षी दोन-अडीच हजार गेले, आणि ते खलीतून परत आले नाहीत. काका हे आता हसत सांगतात. मे महिन्यात हसत नव्हते.

पुन्हा करायचं तर

सगळ्यात आधी वाळवण. एक किलो, एक साडी, दोन दिवस. हे मार्चमध्ये केलं असतं तर खलीला हातच लागला नसता. मला ऑक्टोबरपर्यंत हे करावंसं वाटलं नाही, ही माझीही चूक. मी रोप वाचवण्यात इतकी गुंतले की ते कशासाठी वाचवतो आहोत हे विचारायचं राहून गेलं.

दुसरं, सुरुवात जुलैत. फेब्रुवारीत सुरू केलं की पहिले सहा आठवडे इतके सोपे जातात की माणूस एप्रिलमध्ये दुसरा खड्डा काढतो. जुलैत सुरू करणाऱ्याच्या गाठीला उन्हाळ्याआधी सात-आठ महिन्यांचा अनुभव असतो.

खली आणि अझोला यांतलं एका वेळी एकच बदलायला हवं होतं. दोन्ही एकदम बदललं, वर ऊन वाढलं, आणि दूध कशाने उतरलं याचा पुरावा कायमचा गेला.

डकवीडचा पर्याय मी फार घाईने मोडला का, हा प्रश्न अजून मनात आहे. डबक्यातलं नकोच होतं. पण राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय आमच्याच गावात आहे. स्वच्छ बियाण्याची चौकशी करायला तिथवर जाता आलं असतं. गेले नाही. या वर्षी जाणार आहे.

गेल्या जूनच्या अखेरीस शेजारच्या गल्लीतल्या एक बाई श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन काकूंकडे आल्या. त्यांच्याकडे एक गाय आहे. काकूंनी नांदेतून दोन ओंजळी काढल्या, तीन पाण्यांतून धुतल्या, डब्यात पाणी घालून झाकण सैल लावलं. बाईंनी विचारलं, शेण किती घालू? काकूंनी ते ऐकलंच नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे नांद आहे ना? रंगवलेली नाही ना?"